साडेतेरा किलोची साक्षीदार

मित्रांनो, मी एक जुनी स्टेपनी आहे आणि माझं डोकं फिरलेलं आहे. स्टेपनीला डोकं नसतं हे मला कुणी शिकवू नये. गेलं दीड वर्ष मी जे पाहिलं आणि ऐकलं, ते तुम्ही पाहिलं असतं तर तुमचंही फिरलं असतं.

माझा जन्म कारखान्यातला. पोलादाचा पत्रा दाबून त्याची वाटी केली, तिच्याभोवती पोलादाचंच कडं जोडलं, नटांसाठी चार भोकं पाडली, काळा रंग दिला आणि वर रबराचं टायर चढवलं. आम्ही पाच भावंडं एकाच गाडीच्या वाट्याला आलो. चौघांना रस्ता मिळाला, मला डिकी. तिथे माझ्या मापाचा एक गोल खड्डा होता. त्यात मला निजवलं, वरून सतरंजी टाकली आणि मला विसरून गेले.

मी काही देखणी नव्हते. आमचं माप तेरा इंच. हे माप पोलादाच्या कड्याचं. त्याभोवती रबराची भिंत चांगली सहा बोटं उंच. रस्त्यात दगड आला की आधी ही भिंत दबायची. उरलेला धक्का स्प्रिंग घ्यायची आणि स्प्रिंगची उसळी शॉकअप नावाची तेलाची नळी शांत करायची. तिघांची अशी वाटणी ठरलेली होती. माणसाच्या अंगाला पोचायचं ते अगदी उरलंसुरलं.

आमचे मालक तराजू दुरुस्त करायचे. सगळे त्यांना काका म्हणायचे. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं काम चाले आणि गाडी त्या खोलीच्या खिडकीला चिकटून उभी असे, म्हणून मला सगळं ऐकू यायचं. सोनाराचे, औषधाच्या दुकानाचे, शाळेच्या प्रयोगशाळेचे नाजूक तराजू त्यांच्याकडे यायचे. अशा तराजूच्या दांडीच्या दोन्ही टोकांना हरभऱ्याएवढ्या पितळी चकत्या आट्यांवर बसवलेल्या असतात. त्या केसभर आत-बाहेर फिरवल्या की काटा शून्यावर येतो. काका श्वास रोखून हे काम करायचे. त्या वेळी खोलीत कुणी शिंकलं तर त्याची खैर नसे.

तराजू तयार झाला की तो पोचवायचा गाडीतून. काका चालवायचे आणि शेजारी काकू बसायच्या, मांडीवर तराजूची पेटी घेऊन.

"अहो, खड्डा."

"दिसला."

"दिसला तर गेलात कशाला त्यात? आमंत्रण होतं का?"

"तू तराजू सांभाळ, मी गाडी सांभाळतो."

"दोन्ही मीच सांभाळते आहे. तुम्ही फक्त चाक धरून बसलाय."

अशी अकरा वर्षं गेली. मग काकू आजारी पडल्या. चार महिने गाडी फक्त दवाखान्याच्या वाटेने जायची. एके दुपारी काका एकटेच आले. गाडी लावली आणि बराच वेळ आत बसून राहिले. खिडकीची काच वर करायची राहिली होती. त्यांनी ती वर केली, पुन्हा खाली केली, पुन्हा वर केली. मग उतरले.

इथून पुढचं नीट ऐका. सगळा घोटाळा इथेच आहे.

काकू गेल्यावर काका तराजूची पेटी डिकीत ठेवू लागले. दुलईची चौपदरी घडी, तिच्यावर पेटी, आणि त्या सगळ्याच्या खाली मी. असं दीड वर्ष चाललं. दीड वर्ष! त्या काळात एकही तक्रार आली नाही. सोनाराने फोन केला नाही, औषधवाल्याने केला नाही. मी साक्षीला होते. मला विचारलं असतं तर मी तारखेसकट सांगितलं असतं. पण स्टेपनीला विचारतो कोण?

काकांना एक मुलगी. तिला घरी ताई म्हणतात. ताईचा नवरा म्हणजे जावईबापू. माणूस मनाने सोनं. पण गाड्यांविषयी त्यांना जेवढं माहीत होतं, त्याच्या दुप्पट ते बोलायचे. एका रविवारी ते गाडी घेऊन गेले ते थेट चाकांच्या दुकानात.

"बाबांना सरप्राइज द्यायचंय," ते दुकानदाराला म्हणाले. "सोळा इंची बसतील ना?"

"बसतील की. बसवली की बसतात," दुकानदार म्हणाला.

मित्रांनो, हे वाक्य ध्यानात ठेवा. जगातली निम्मी नासाडी या एका वाक्याने होते. बसणं वेगळं आणि मानवणं वेगळं. पाय कोंबला तर धाकट्या भावाच्या चपलेतही बसतो.

माझी चार भावंडं उतरवली. त्यांच्या जागी चार चकचकीत चाकं आली. कडं सोळा इंची आणि त्यावर टायरची पट्टी जेमतेम चार बोटं. बाहेरून एकूण गोल आमच्याएवढाच, पण आत पोलादाच्या जागी ओतीव धातू जास्त आणि रबर कमी. मग दगड आल्यावर दबायचं कुणी? कुणीच नाही. धक्का सरळ वर.

आणखी ऐका. चाकाच्या मधोमध एक मोठं भोक असतं. गाडीच्या आसाच्या टोकाला जो गोल गड्डा असतो, तो त्यात अंगाबरोबर बसावा लागतो, म्हणजे चाक बरोबर मध्यावर राहतं. नव्या चाकांचं भोक मोठं होतं, कारण ती दहा प्रकारच्या गाड्यांना चालावीत म्हणून बनवलेली. मधली फट भरायला एक रिंग मिळते.

"रिंगा संपल्यात," दुकानदार म्हणाला. "पण नट आवळलेत की घट्ट. काही होत नाही."

काही होत नाही! चाक मध्यापासून केसभर सरकलेलं राहिलं, की गाडीने वेग घेतल्यावर ते थरथरतं. ती थरथर स्टिअरिंगमधून हातात येते आणि पत्र्यातून डिकीत येते. आणि ती चाकं आमच्यापेक्षा दोन बोटं बाहेर आलेली. पूर्ण वळण घेतलं की मडगार्डला खर्रर्र करून घासायची. रस्त्यात जरा चाकोरी पडलेली असली की गाडी तिच्यामागे ओढली जायची, नव्या बैलासारखी.

एक गोष्ट मी कबूल करते, नाहीतर मला जळकी म्हणाल. गुळगुळीत रस्त्यावर, वळणावर, गाडी पूर्वीपेक्षा चिकटून जायची. ब्रेकही बरे लागायचे. पण तसा गुळगुळीत रस्ता आमच्या गावाच्या बाहेर होता, आणि काकांची सगळी गिऱ्हाइकं गावात.

माझ्या भावंडांना दुकानदाराने तिथेच ठेवून घेतलं. मी वाचले, कारण सोळा इंची चाक रुंदीला जास्त, ते डिकीतल्या खड्ड्यात मावेना. जावईबापूंनी दोनदा दाबून पाहिलं. मग म्हणाले, "राहू दे जुनीच. कधी लागतेय?"

घरी काकांनी गाडीभोवती एक फेरी मारली. चाकांकडे पाहिलं. जावयाच्या तोंडाकडे पाहिलं. ते तोंड शाळेत पहिला नंबर आलेल्या पोराचं होतं.

"कशी वाटतात, बाबा?"

"छान आहेत," काका म्हणाले.

"गाडी एकदम तरुण दिसतेय ना?"

"हो. माझीच लाज वाटायला लागली तिच्या शेजारी."

ताई हसली. आई गेल्यावर बाबांनी पहिल्यांदा विनोद केला म्हणून हसली आणि तशीच आत निघून गेली. झालं, आता ती चाकं कोण काढणार?

पंधरा दिवसांत पहिला फोन आला. सोनाराचा.

"काका, तराजू डावीकडे झुकतोय. थोडासाच, पण सोन्यात थोडासा म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको."

काकांनी जाऊन नीट करून दिला. मग औषधवाल्याचा फोन आला. मग शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बाईंचा. घरातून निघताना काटा शून्यावर, पोचेपर्यंत शून्याच्या डाव्या नाहीतर उजव्या अंगाला. कारण माझ्या छातीवर ती पेटी थरथरत होती आणि तिच्यातल्या त्या हरभऱ्याएवढ्या चकत्या वाटभर केसाकेसाने फिरत होत्या. मला कळत होतं! मी खाली पडल्या पडल्या मोजत होते. वेग वाढला की थरथर, खड्डा आला की दणका. दुलईच्या चार पदरांनी करावं तरी काय? ती दुलई आहे, स्प्रिंग थोडीच?

आणि काका काय करत होते? हातांकडे बघत होते.

खिडकीतून मला त्यांचा आवाज यायचा. ते एकटेच बोलायचे. "हात गेले. ती होती तोवर होते. ती गेल्यापासून हातात काही राहिलं नाही."

ती गेल्यापासून! चोर सोडून संन्याशाला फाशी. अहो काका, ती गेल्यापासून दीड वर्ष तुमचे तराजू चोख होते. ही रडगाणी चाकं आल्यापासूनची आहेत. पण दुःखात माणसाच्या तारखा एकमेकींत कालवल्या जातात. काकांच्या लेखी जगात दोनच काळ उरले होते, ती असतानाचा आणि नंतरचा. जे काही बिघडलं ते सगळं नंतरच्या पोत्यात.

नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. इथे अंगण खरोखर वाकडं होतं आणि नाचणारा आपलेच पाय तपासत बसला होता.

काका डॉक्टरकडेही जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने हात उत्तम आहेत. काकांनी डॉक्टरलाच वेड्यात काढलं. डोळ्यांचा नंबर बदलून घेतला. एकेका तराजूला दुप्पट वेळ देऊ लागले. तीन तीनदा शून्यावर आणायचे, पेटी कुशीत धरून डिकीपर्यंत आणायचे आणि मग त्या खुळखुळ्यात ठेवून वीस मिनिटं हलवायचे. मला हसावं की रडावं ते कळेना.

एकदा सोनार म्हणालाही होता. दुकानासमोर डिकी उघडी होती, म्हणून मी स्वतः ऐकलं. "काका, काकू गेल्या त्या वर्षी तुम्ही माझ्या भावाला तराजू दिलात ना, तो अजून एक नंबर आहे बरं का." इतकं स्पष्ट! पुरावा ताटात वाढून आणला होता. काका म्हणाले, "तो तिच्या हातचा असेल." आणि डिकी बंद केली.

मग या वैशाखा-ज्येष्ठाच्या उन्हात, एका सकाळी ताई आली. काका शाळेचा तराजू डिकीत ठेवत होते.

"हा शेवटचा," काका म्हणाले.

"शेवटचा म्हणजे?"

"हा पोचवतो आणि खोली रिकामी करतो. कुणाला भाड्याने द्या, तुमचं सामान ठेवा, काही करा."

"बाबा, तुम्ही काम सोडलंत तर दिवसभर करणार काय?"

"बसेन."

"बसून काय कराल?"

"बसण्याचंही काही करायचं असतं का?"

ताईचा आवाज चढला. "आई गेली तेव्हा तुम्ही तिसऱ्या दिवशी त्या खोलीत जाऊन बसलात. लोक काय काय बोलले. मी सगळ्यांना सांगितलं, त्यांना बसू दे, त्या तराजूंनीच ते उभे आहेत. आणि आता ते सोडताय?"

"खोटा तराजू देण्यापेक्षा न दिलेला बरा," काका म्हणाले. "चाळीस वर्षं लोकांनी माझ्या हातावर विश्वास ठेवला, ताई. आता तो हात मलाच खोटा वाटतो. उद्या कुणाच्या औषधात चूक झाली तर?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. मी त्यांच्यापासून वीतभर अंतरावर सतरंजीखाली होते. तोंड दिलं नाही देवाने, नाहीतर त्या दिवशी मी दोघांनाही झापलं असतं.

काका निघाले. आणि मित्रांनो, त्या दिवशी चाकानेच माझी बाजू घेतली.

शाळेच्या अलीकडच्या चौकात पाण्याच्या पाइपासाठी खणलेला चर होता, वरवर बुजवलेला. पुढचं डावं चाक त्यात गेलं. माझ्या भावंडांनी असे शंभर चर पचवले होते. पण चार बोटं रबर किती पचवणार? कड्याची धार आणि चराची कड यांच्यामध्ये टायर सापडलं. फाटकन आवाज झाला आणि गाडी एका गुडघ्यावर बसली.

समोरच मिस्त्रीचं दुकान. पंक्चर काढणं, चाकं बसवणं, जुने सुटे भाग विकणं असा त्याचा व्यवसाय. आवाज ऐकून तो हात पुसत बाहेर आला. फाटलेलं टायर पाहिलं, वाकलेलं कडं पाहिलं.

"काका, ही चाकं कुणी घातली?"

"जावयाने दिली."

"मग राहू द्या. जावयाच्या वस्तूला नावं ठेवत नाहीत." मग राहवेना म्हणून म्हणाला, "पण गाडीला पैंजण घालून शेतात नांगराला जुंपलंय, एवढं मात्र सांगतो."

स्टेपनी काढायची म्हणून काकांनी आधी तराजूची पेटी उचलली. मिस्त्रीच्या बाकावर ठेवली, पेटीची काच वर केली आणि आत पाहिलं. काटा शून्यापासून तीन घरं दूर.

"बघ," ते म्हणाले. "घरून निघताना शून्यावर होता. मी तीनदा पाहिला."

"मग गाडीत हलला असेल."

"आधी नाही हलायचा."

"कधीपासून हलतोय?"

"ती गेल्यापासून," काका म्हणाले. ठरलेलं उत्तर.

मिस्त्रीने मला बाहेर काढलं. दीड वर्षांनी उजेड पाहिला आणि पाहते तर काय, माझ्यात हवा निम्मीसुद्धा नाही. पाहुण्यांसमोर फाटकं नेसून यावं तशी माझी गत. मिस्त्रीने हवा भरली. मग पाहिलं तर नव्या चाकांचे नट माझ्या भोकांत नीट बसेनात. त्यांच्या बुडाचा आकारच निराळा, आणि माझे जुने नट जावईबापूंनी दुकानातच टाकून दिलेले. मिस्त्रीने डबा उपडा करून माझ्या मापाचे चार शोधायला घेतले. "नवऱ्यामुलाचे जोडे विसरून वरात काढलीय," तो पुटपुटला.

तो नट शोधत होता तोवर काकांनी मला उचलून बाजूला ठेवलं. मग ते फाटलेलं चाक उचललं. आणि तिथेच थांबले. चाक खाली ठेवलं. मला पुन्हा उचललं. मला खाली ठेवलं. ते उचललं. दोनदा, तीनदा. डोळे मिटलेले.

"काय करताय, काका? कंबर जाईल."

"ही स्टेपनी साडेतेरा किलो आहे," काका म्हणाले. "आणि हे चाक अठरा."

मिस्त्री हसला. "हाताने सांगता?"

"चाळीस वर्षं दुसरं काय केलं?" काका म्हणाले. मग हळू आवाजात म्हणाले, "पण आता हातांचा भरवसा नाही. तुझ्याकडे वजनकाटा आहे ना भंगाराचा? घाल त्यावर."

कोपऱ्यात भंगार तोलायचा मोठा काटा होता, तबकडीचा. मिस्त्रीने मला वर ठेवलं. सुई चौदावर गेली. मग ते चाक ठेवलं. सुई साडेअठरावर.

मी तुम्हाला सांगते, मित्रांनो, मला काकांच्या तोंडाकडे बघवेना. खांदे पडले त्यांचे. मिस्त्री समजूत घालायला गेला. "अहो, अर्ध्या किलोचाच फरक. मला तर दहा किलोचा पत्ता लागला नसता."

"सोन्यात अर्धा किलो म्हणजे काय, माहिती आहे?" काका म्हणाले. ते पेटी उचलायला वळले. दोन पावलं गेले. आणि थांबले.

"दोन्ही वेळा अर्धाच?"

"काय?"

"साडेतेराचे चौदा. अठराचे साडेअठरा. माझा हात चुकला असता तर एकदा पुढे, एकदा मागे चुकला असता. दोन्ही वेळा सारखाच, एकाच बाजूला? हात असा चुकत नाही. असा तराजू चुकतो." ते परत फिरले. आवाज बदललेला. "रिकामा कर काटा. सगळं काढ. आता सुई बघ."

सुई शून्यावर नव्हती. अर्ध्यावर होती.

"तसा थोडा पुढेच असतो तो," मिस्त्री कान खाजवत म्हणाला. "आम्ही तेवढं मनातल्या मनात वजा करतो. कधी करतो, कधी राहतं."

"कधी राहतं!" काका ओरडले. गेल्या तीन वर्षांत मी त्यांना ओरडताना ऐकलं नव्हतं. "लाज वाटत नाही? दे तो स्क्रूड्रायव्हर!"

त्यांनी वजनकाट्याचं ताट उचकटलं. खाली पाहावं तो ग्रीस, माती आणि लोखंडाचा कीस यांचा विटेसारखा थर ताटाच्या बुडाला चिकटलेला. काकांनी बसून तो खरवडला. पांढरा सदरा काळा झाला तरी खरवडला. मग ताट बसवलं. सुई शून्यावर आली. मला वर ठेवलं. साडेतेरा. ते चाक ठेवलं. अठरा.

मिस्त्रीने कानाला हात लावला. "काका, तुमच्या हाताला सील मारून घ्या."

काकांनी दोन्ही हात वर धरून पाहिले. ग्रीसने माखलेले. ते थरथरत नव्हते. मग ते जमिनीवरच बसले, माझ्या शेजारी, आणि बोलू लागले. आधी स्वतःशीच.

"साडेचार किलो एका चाकात जास्त. चारीत मिळून अठरा. पण हे वजन गाडीच्या पाठीवर नाही, पायात आहे. स्प्रिंगच्या खाली."

"तेच तर," मिस्त्री म्हणाला. "पाठीवरचं ओझं स्प्रिंग सांभाळते. पायातलं ओझं स्प्रिंगलाच झोडपतं. पाय जड असला की खड्ड्यातून वर लवकर येत नाही, आणि आला की हातोड्यासारखा येतो. शॉकअप बघितलेत का? तेल गळतंय पुढच्या दोन्हींतून. आणि ही बघा मधली फट. रिंगच नाही. जरा वेग घेतला की गाडी थरथरते की नाही?"

"थरथरते. मला वाटायचं, माझे हात."

"स्टिअरिंग हातात धरून हात थरथरतायत म्हणालात? काका, धन्य आहे तुमची!"

मी मनात म्हणाले, शाबास रे मिस्त्री. दीड वर्षात पहिलं शहाणं वाक्य.

"ही चाकं कधी आली?" मिस्त्रीने विचारलं.

"ताईचं पोरगं चालायला लागलं त्या महिन्यात. म्हणजे दीड वर्ष झालं." काका बोलत होते आणि त्यांचं बोलणं हळू हळू होत गेलं. "त्याच्या आधीचे तराजू... सोनाराच्या भावाचा. औषधवाल्याचा पहिला. हे ती गेल्यावरचे. मी एकट्याने केलेले." रस्त्यावरून दोन-तीन गाड्या गेल्या. मग म्हणाले, "ती गेल्यापासून नाही. चाकं आल्यापासून."

त्यांनी बाहीने डोळे पुसले आणि तोंड काळं करून घेतलं. मिस्त्रीने फडकं पुढे केलं. ते फडकं तोंडाहून काळं होतं.

मिस्त्रीकडे माझ्या मापाची जुनी चाकं होती, पण तीनच. "चौथं कुठून आणू?" तो म्हणाला. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा दोन माणसांनी एका वेळी माझ्याकडे पाहिलं.

त्या दुपारी मला पुढच्या डाव्या बाजूला चढवलं. आसाचा गड्डा माझ्या मधल्या भोकात अंगाबरोबर बसला. नट आवळले. गाडी खाली उतरली आणि तिचं वजन पहिल्यांदा माझ्या अंगावर आलं. पुढच्या दोन्ही शॉकअपही मिस्त्रीने बदलून दिल्या. काकांनी बाकावर तराजू पुन्हा शून्यावर आणला, एकदाच, आणि दुलईवर ठेवला.

"कुठून नेऊ?" त्यांनी विचारलं.

"जिथे रस्ता सगळ्यात वाईट आहे तिथून," मिस्त्री म्हणाला.

ती निवड सोपी होती. आम्ही चरातून गेलो, रेल्वेच्या फाटकावरून गेलो, दगडी बोळातून गेलो. मी दबत होते, फुगत होते, पुन्हा दबत होते. रबर म्हातारं आहे माझं, पण सहा बोटं म्हणजे सहा बोटं. शाळेच्या दारात काकांनी डिकी उघडली. लगेच पेटी उघडली नाही. आधी ग्रीसचे हात सदऱ्याला पुसले. मग काच वर केली.

शून्य.

प्रयोगशाळेच्या बाई बाहेर आल्या होत्या. "काका, हा काय अवतार? तोंडाला काय लागलंय?"

"ग्रीस," काका म्हणाले. "जरा काम चाललं होतं."

संध्याकाळी जावईबापू आले. गाडीची पोलादी चाकं पाहून त्यांचं तोंड उतरलं. "बाबा, आवडली नव्हती तर तेव्हाच सांगायचं."

"तेव्हा तुमचं तोंड बघून सांगवेना. चूक माझीच," काका म्हणाले. त्यांनी एका हातात ते चकचकीत चाक दिलं, दुसऱ्या हातात माझ्याच मापाची जुनी पोलादी स्टेपनी, मिस्त्रीने संध्याकाळपर्यंत दुसऱ्या दुकानातून मिळवून दिलेली. "धरा. कुठलं जड?"

"हे."

"कितीने?"

"असेल किलो, दोन किलो."

"साडेचार. आता दोन्ही पायांना साडेचार साडेचार बांधा आणि जिना चढून या."

ताई दारात उभी राहून इतकी हसली की जावईबापूंनाही हसावं लागलं. मग ते म्हणाले, "चूक झाली, बाबा. मी फक्त दिसण्याचं बघितलं."

"दिसायला छानच होती," काका म्हणाले. "तुम्ही माझ्यासाठी आणलीत, ते विसरणार नाही. पण खोली काही रिकामी करत नाही आता. तुमचं सामान तुमच्याच घरी ठेवा."

ताईचं हसू थांबलं. ती पुढे आली आणि बाबांचा काळा झालेला सदरा हाताने झटकू लागली. डाग काही झटकून जाणारे नव्हते. तिलाही ते माहीत होतं. तरी ती झटकत राहिली.

तर मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. गाडीला नवी चाकं घालायची असतील तर जरूर घाला, मी काही मोठ्या चाकांची वैरी नाही. पण आधी त्यांचं वजन विचारा, रबराची उंची विचारा, मधलं भोक अंगाबरोबर बसतं का ते विचारा, चाक किती बाहेर येतं ते पाहा आणि तुमचा रस्ता कसला आहे तो आठवा. "बसवली की बसतात" म्हणणाऱ्याच्या दुकानातून सरळ बाहेर पडा. आणि दुसरं, हे तुमच्या घरच्या मोठ्या माणसांना सांगा. काही बिघडलं की लगेच आपल्याच हातांना दोष देऊ नये. जे गेलं आहे त्याच्या माथी तर मुळीच मारू नये. आधी ताटाखाली काय साचलंय ते बघावं.

आता मला पुरे करू द्या. औषधवाल्याचा तराजू शनिवारी द्यायचा आहे आणि तो रस्ता काही चांगला नाही.